पायांचे माप

नगर,
१८ नोव्हेंबर १९४६

तीर्थरूप बाबा आणि आई यांना दानीएलचा सलाम.

पत्राला उशीर झाला त्याला कारण फुटबॉल. हे वाचून बाबांच्या कपाळाला आठी पडेल, म्हणून आधीच सांगतो की ट्रेनिंग कॉलेजच्या सहामाहीत मी पास आहे, आणि पाठ घेताना परीक्षकांनी माझ्या फळ्यावरच्या अक्षराला नावं ठेवली नाहीत. मास्तरचा मुलगा मास्तर होणार, काळजी नसावी. आता फुटबॉल.

इथल्या कॅम्पात दर हिवाळ्यात मिलिटरीवाले एका चांदीच्या कपासाठी सामने भरवतात. सगळे त्याला कॅम्प कपच म्हणतात. गोऱ्यांच्या पलटणी, पोलीस, रेल्वेवाले, शहरातल्या तालमी असे सगळे उतरतात. नियम असा की एकदा हरला की वळकटी बांधायची, दुसरी संधी नाही. आमचा मिशनचा संघ दरसाल उतरतो आणि दरसाल पहिल्याच दिवशी वळकटी बांधतो. यंदा मात्र पहिल्या फेरीत आम्ही तालमीच्या पोरांना हरवलं, आणि विजयी गोल तुमच्या चिरंजीवांचा.

आमचा कॅप्टन आमोसभाऊ. मिशनच्या सुतारशाळेत शिकवतो. डोक्यावर केस उरले नाहीत पण पळतो अजून हरणासारखा. गुडघा दगा देतोय, त्यामुळे हे त्याचं शेवटचं साल. कपाला एकदा हात लावायचा आणि मग खेळ सोडायचा, एवढी एकच इच्छा तो धरून बसलाय. गोलात उभा राहतो तो सोनईचा बन्सी, रंगनाथ शेतकऱ्यांचा मुलगा. इथे हायस्कुलात मॅट्रिकला आहे. तुम्ही त्याच्या वडिलांना ओळखता.

संघाचा फोटो सोबत आहे. मागच्या रांगेत डावीकडून दुसरा मी. आईला दाखवा, नाहीतर ती आमोसभाऊलाच मी समजून रडेल की पोराचे केस गेले.

तुमचा,
दानीएल

•

चिंचवाडी, पो. सोनई,
२ डिसेंबर १९४६

चि. दानीएल यास बापाचा सलाम व आशीर्वाद.

पत्र व फोटो पावला. फोटो आपल्या ख्रिस्ती मंडळीतल्या प्रत्येक घरी जाऊन आला आहे, त्यामुळे कडेला हळदीचे बोट लागले. तुझी आई तो रोज पुसते.

खेळाबद्दल माझी तक्रार नाही. शरीर हेही देवाचेच देणे आहे. मात्र अभ्यास व रविवारची उपासना चुकवू नये.

एक विचारायचे आहे. तू मागच्या रांगेत उभा असल्याने तुझे पाय दिसत नाहीत, आणि पुढचे मांडी घालून बसले आहेत. तुम्हा मुलांना बूट मिशन देते की ज्याने त्याने आणायचे असतात? गोऱ्या पलटणींसमोर उभे राहायचे तर बूट चांगले हवेत.

दुसरे असे, की दोन्ही पायांचे माप कागदावर काढून पाठव. पाय कागदावर सपाट ठेवून भोवती पेन्सिल फिरवावी. पेन्सिल तिरपी धरू नये.

तुझा बाप,
कृपादान

•

नगर,
८ डिसेंबर १९४६

दयाताई,

पुणतांब्याला सासरी जाऊन तू भावाला विसरलीस, पण भाऊ अडचणीत आला की बहीण आठवतेच. भाऊजींना सलाम सांग.

बाबांनी पायांचं माप मागितलंय. नाताळाला चपला येणार, हे उघड आहे. माप पाठवलं. पण त्याच पत्रात त्यांनी आमच्या बुटांची चौकशी केली, आणि ती मी उत्तर न देता गिळली.

ताई, आम्ही सगळे अनवाणी खेळतो. बूट फक्त मिलिटरीवाले घालतात. कॅम्पाचं मैदान मुरमाचं, तव्यासारखं टणक. त्यावर अनवाणी पाय जसा चालतो तसा बूट चालत नाही. चेंडू तळपायाखाली आला की मला डोळ्यांनी बघावं लागत नाही. अंगठ्याला कळतं तो कुठे जाणार. आमोसभाऊ म्हणतो, "दानी, तुझं डोळं पायात हायेत." मला याची लाज नाही. पण बाबांना कसं सांगू? तुला आठवतं ना, आपण लहानपणी अंगणाबाहेर नुसत्या पायांनी गेलो की केवढा मार बसायचा. घरात भाकरीबरोबर कालवण नसायचं, पण चपला प्रत्येकाला होत्या. साऱ्या वाडीत आपणच तेवढे चपलांचे साहेब.

बन्सीला यातलं काही कळत नाही. त्याचा बाप एवढा जमीनजुमल्याचा धनी, पण तो स्वतः शेतात अनवाणी, शाळेत अनवाणी. त्याच्या पायात काही नसलं तरी त्याला कोणी काही म्हटलेलं नाही, आणि असलं तरी नाही.

तुझा,
दानी

•

पुणतांबे,
१४ डिसेंबर १९४६

प्रिय दानी,

तू खोटं बोलला नाहीस, नुसता गप्प बसलास. आपल्या घरात याला पाप म्हणत नाहीत, वळण म्हणतात. बाबांनी आपल्याला चपलांवरून झोडपलं, पण का ते कधी सांगितलं? आईला विचारलं तर ती म्हणायची, "त्येंच्या पायात काटा हाय जुना." मी कितीतरी वर्षं खराच काटा समजत होते.

चपला आल्या की घाल आणि गप्प बस. बाबा कधी नगरला येऊन सामना बघणार आहेत? शेणाने सारवलेली शाळा सोडून ते सोनईच्या बाजारालासुद्धा जात नाहीत. विषय आपोआप मिटेल.

गोदेचं पाणी बरंच उतरलंय. वाळूत पोरं चिंध्यांचा चेंडू खेळतात, तेव्हा तुझी आठवण येते.

तुझी,
दयाताई

•

चिंचवाडी,
१९ डिसेंबर १९४६

चि. दानीएल यास आशीर्वाद.

सव्वीस तारखेला तुमचा पोलिसांशी सामना असल्याने नाताळाला येत नाहीस असे कळले. आईला वाईट वाटले, परंतु मी तिची समजूत घातली. सोनईचे व्यापारी श्रीमंत शेठ नगरला येत आहेत, त्यांच्याबरोबर एक बोचके पाठवले आहे. त्यात करंज्या आहेत व तळाशी बूट आहेत.

हे बूट सोनईच्या गोरक्ष चांभाराने केले. त्याने असा बूट पूर्वी पाहिला नव्हता. मिशनच्या मडमसाहेबांच्या जुन्या मासिकातले चित्र मी त्याला दाखवले, आणि तो शिवत असताना रोज शाळा सुटल्यावर जाऊन बसलो. तळाला चामड्याच्या चकत्या एकावर एक ठोकल्या आहेत. तुझ्या पायाच्या मापावर कातडे कापले, तेव्हा तो म्हणाला, "मास्तर, पोराचा पाय तुमच्यापरीस बारीक हाय." मला तुझा पाय इतका आठवत नव्हता.

आता एक गोष्ट लिहितो, जी तुम्हा भावंडांना सांगितलेली नाही. मी इथल्या शाळेत पहिला आलो, तेव्हा मिशनच्या साहेबांनी मला नव्या चपला बक्षीस दिल्या. आपल्या लोकांनी वेशीत पायताण काढून हातात घ्यायचे व पाटलाची गल्ली ओलांडून मग घालायचे, असा तेव्हा रिवाज होता. मला तो ठाऊक होता, पण आनंदाच्या भरात विसरलो. पाटलाच्या माणसाने मला गल्लीत थांबवले. चपला काढून डोक्यावर ठेवायला लावल्या आणि तसेच चालवले. लोक म्हणतात पायातली वहाण पायीच बरी. माझ्या वाट्याला ती डोक्यावर आली. माझे वडील मागून येत होते. ते काही बोलले नाहीत. त्यांनी काही बोलावे असे मला फार वाटत होते.

तो पाटील वारला. त्याचा मुलगा राधाकृष्ण आता पाटील आहे, माणूस साधा आहे. पण आजही त्या गल्लीत माझा हात आपोआप चपलांकडे जातो. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात घरी परतलेल्या मुलाच्या पायांत बाप जोडे घालायला लावतो, हे मी दरसाल मंडळीला सांगतो. तू साहेबलोकांसमोर बूट घालून उभा राहिलास की माझे एक काम पुरे होईल.

तुझा बाप,
कृपादान

•

नगर,
३ जानेवारी १९४७

तीर्थरूप बाबांना सलाम.

करंज्या बोर्डिंगात पोचताच संपल्या, आईला सांगा. बूट मिळाले. माप अगदी बरोबर आहे. सगळ्या पोरांनी ते हातात घेऊन पाहिले, आणि आमोसभाऊ म्हणाला की असं शिवणकाम पलटणीच्या बुटांनासुद्धा नाही.

तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं.

पोलिसांना आम्ही हरवलं. आता उपांत्य सामना रेल्वेवाल्यांशी.

तुमचा,
दानीएल

•

नगर,
७ जानेवारी १९४७

ताई,

बाबांच्या पत्राची नक्कल तुझ्यासाठी करून सोबत ठेवलीय. ते वाच, मग पुढचं वाच. तो काटा कुठला ते तुला कळेल.

मी आठवडाभर रोज सकाळी बूट घालून सराव केला. मन लावून केला, देवाशपथ. पण जात्याची तळी पायाला बांधल्यासारखं वाटतं. चेंडू बुटाला लागतो, पायाला कळत नाही. वळायला जातो तर चकत्या मुरमात अडकतात. माझे पास आता भलतीकडेच जातात, बन्सीच्या भाषेत "कोंबड्या पळत्यात". पोलिसांविरुद्ध शेवटी मी अनवाणीच खेळलो, आणि हे बाबांच्या पत्रात लिहिलं नाही.

आमोसभाऊने बूट हातात घेतले, उलटेपालटे केले आणि म्हणाला, "लई जीव लावून केल्यात. पर हे पायात घालायचं न्हाईत, दानी. हे देव्हाऱ्यात ठिवायचं हायेत." आपल्यात देव्हारा नसतो हे तो विसरला.

रेल्वेवाल्यांशीही मी अनवाणीच खेळणार. ते जिंकलो तर अंतिम सामना गोऱ्या पलटणीशी. आणि खरी भीती पुढे आहे. बाबांनी आईजवळ बोलून दाखवलंय म्हणे, की अंतिम सामन्याला आपण स्वतः जाणार. मी काय करू, सांग. उशीर करू नकोस.

दानी

•

चिंचवाडी,
२७ जानेवारी १९४७

चि. दानीएल यास आशीर्वाद.

रेल्वेच्या संघावर तुम्ही विजय मिळवला हे श्रीमंत शेठांकडून कळले. देवाची स्तुती असो. आठ फेब्रुवारीच्या सामन्याला मी येत आहे. शाळेला सुट्टी मागितली आहे. इतक्या वर्षांत मागितलेली ही पहिलीच सुट्टी, म्हणून तपासनीस साहेबांनी कारण विचारले. मी खरे ते लिहिले. मुलास बूट घातलेले पाहायचे आहे, असे.

बुटांना तेल लावीत जा, म्हणजे कातडे कडक होणार नाही.

कृपादान

•

पुणतांबे,
३१ जानेवारी १९४७

प्रिय दानी,

बाबांच्या पत्राची नक्कल वाचली. दिवसभर कशात लक्ष लागलं नाही. भाजी करपवली, वर यांच्यावरच ओरडले.

तुझं पत्र आलं तेव्हा म्हणणार होते की खरं सांगून टाक. आता तसं म्हणवत नाही. सुट्टीच्या अर्जात त्यांनी काय लिहिलं ते तूच मला कळवलंस. त्या माणसाला तू मैदानावर अनवाणी दिसलास तर काय होईल, ते मला डोळ्यांपुढे येतं. आणि बूट घातलेस तर आमोसभाऊंचं काय होईल, तेही कळतं.

म्हणून ऐक. पहिला अर्धा डाव बाबांसाठी खेळ. बूट घाल, मैदानाच्या कडेच्या दोरीजवळून धाव, त्यांना पोटभर बघू दे. मध्यंतरात काढून टाक आणि दुसरा अर्धा आमोसभाऊंसाठी खेळ. बाबांनी विचारलं तर म्हणायचं, चावायला लागले. नवे बूट सगळ्यांनाच चावतात. ना बापाचं मन मोडेल, ना कॅप्टनचं.

मी इथून प्रार्थना करतेय. कोणासाठी करावी ते कळत नाही, म्हणून दोघांसाठी करते.

दयाताई

•

चिंचवाडी,
११ फेब्रुवारी १९४७

चि. दानीएल यास बापाचे पोटभर आशीर्वाद.

सुखरूप घरी पोचलो. तुम्ही एका गोलाने हरलात याचे वाईट वाटले, परंतु मला खेळातले काही कळत नाही, आणि खरे सांगायचे तर मी खेळ पाहत नव्हतो. तुझे पाय पाहत होतो.

तंबूत कलेक्टर साहेब, कर्नल साहेब, त्यांच्या मडमा बसल्या होत्या. तुझ्या संघातली बाकीची मुले अनवाणी होती, हे पाहून मला आश्चर्य वाटले व थोडे वाईटही वाटले. तुझ्या एकट्याच्या पायांत बूट. कर्नल साहेबांनी तुझ्याकडे बोट दाखवून शेजाऱ्याला काही सांगितले. मला वाटले, माझे वडील आज असते तर.

मध्यंतरात तू जमिनीवर बसला होतास आणि तुझी नाडी सुटली होती. धावताना अडखळशील, म्हणून मला राहवले नाही. मी दोरीखालून आत आलो. मला कोणी अडवले नाही. एवढ्या लोकांदेखत खाली बसून मुलाच्या बुटाची नाडी बांधताना मला जे सुख झाले, ते लिहून दाखवता येत नाही. तुझे डोळे भरले होते, ते मी पाहिले. माझेही भरले होते.

घरी येताना वाटेत साऱ्यांना सांगत आलो. तुझ्या आईला दोनदा सांगितले.

तुझा बाप,
कृपादान

•

नगर,
१६ फेब्रुवारी १९४७

ताई,

बाबांचं पत्र सोबत पाठवतोय. वाचून झालं की परत पाठव, मला ते हवंय. फाडायचं होतं, पण हात धजला नाही.

नाडी सुटली नव्हती. मी ती सोडत होतो.

तू सांगितलंस तसंच करत होतो. पहिला अर्धा डाव मी खांबासारखा काढला. गोऱ्यांनी एकही गोल केला नाही, कारण बन्सीने अंगाचं पाणी करून सगळं अडवलं. मध्यंतर झालं. आमोसभाऊ जवळ येऊन म्हणाला, "झालं तुझ्या बापाचं? आता काढ." मी खाली बसलो, डाव्या बुटाची नाडी ओढली, आणि वर पाहतो तो बाबा. दोरीखालून वाकून आत आलेले. अंगावर लग्नाचा कोट, त्याच्या कोपरांना ठिगळं. ते माझ्यापुढे धुळीत गुडघ्यांवर बसले. उपरण्याने बुटावरची धूळ पुसली, नाडी हातात घेतली आणि अशी आवळून बांधली, की ती मला नंतर दातांनीही सुटली नाही. म्हणाले, "आता पळ."

आमोसभाऊ शेजारीच उभा होता. त्याने सगळं पाहिलं. बाबांना हात देऊन त्यानेच उठवलं.

दुसऱ्या अर्ध्या डावात एक संधी आली होती. तसली माझ्या आयुष्यात पुन्हा येणार नाही. आमोसभाऊने दुखऱ्या गुडघ्याने तीन गोऱ्यांमधून चेंडू काढून माझ्यापुढे टाकला. त्यांचा गोलकीपर पडला होता. समोर उघडा गोल. अनवाणी असतो तर झोपेतसुद्धा मारला असता. बुटाचं टोक मुरमात घासलं, चेंडू आडवा गेला आणि मी तोंडावर आपटलो. तोच चेंडू घेऊन ते पळाले आणि त्यांनी गोल केला.

मी उठलो तेव्हा बाबा दोरीपाशी टाळ्या वाजवत होते. त्यांना वाटलं, सगळे वाजवतात म्हणजे आपणही वाजवायच्या.

नंतर मी आमोसभाऊला टाळत होतो. तोच म्हणाला, "गोऱ्यास्नी हरवनं सोपं हुतं, दानी. बापाला हरवनं लई अवघड. म्या असतो तरी हेच केलं असतं." मग त्याने गुडघ्याची पट्टी सोडली आणि गुंडाळून खिशात ठेवली. पुढल्या साली पुन्हा उतरू, तुमच्यासाठी कप आणू, असं मी म्हणालो. तो नुसता हसला.

दानी

•

पुणतांबे,
२३ फेब्रुवारी १९४७

प्रिय दानी,

बाबांचं पत्र परत पाठवतेय. आधी रडले आणि मग माझाच राग आला. अर्धा डाव याला, अर्धा त्याला, हा वाटा मी केला. पोळीचा करावा तसा. बाप अर्धा नसतो, हे मला कळायला हवं होतं. तुझा कप मी घालवला.

बाबांना हे कधी सांगू नकोस. निदान त्यांचा दिवस तरी त्यांच्याजवळ राहू दे.

दया

•

नगर,
२४ ऑगस्ट १९४७

ताई,

पुष्कळ दिवसांनी लिहितोय. मेच्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा बूट तिथेच ठेवून आलो. बाबांनी ते आपल्या कोटाच्या खुंटीला टांगले. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतात. मी शेजारी बसून हूं म्हणतो.

आज लिहायचं कारण वेगळं. झेंडावंदनानंतर गोऱ्या पलटणीचं चंबूगबाळं आवरणं सुरू झालं. काल ते स्टेशनावर गेले. त्यांच्या सामानात कॅम्प कपही होता. जिंकलेल्याने वर्षभर ठेवायचा आणि मग परत करायचा, असा नियम होता. पण परत करायला ते इथे असणार नाहीत, आणि मागायला जाणार कोण? कप विलायतेला गेला. यंदा सामने नाहीत. पुढे होतील की नाही ते कोणालाच माहीत नाही.

सुतारशाळेत जाऊन आमोसभाऊला सांगितलं. तो रंधा मारत होता. थांबला नाही. "बरं झालं, आता वाट बघाया नको," म्हणाला. त्या कपाला त्याने एकदा हात लावावा, एवढंच होतं गं. तेवढंसुद्धा माझ्याने झालं नाही.

सगळीकडे अजून पताका आहेत. मी आनंदात नाही असं नाही. पण पताकांखालून जाताना मला तो उघडा गोल दिसतो.

बन्सी मॅट्रिक होऊन सोनईला शेती बघायला गेला. जाताना म्हणाला, एकदा तुझ्या घरी जाऊन मास्तरांना भेटेन.

दानी

•

चिंचवाडी,
२१ सप्टेंबर १९४७

चि. दानीएल,

गेल्या बुधवारी बन्सी आला होता. त्याने शेंगा आणल्या होत्या. तुझ्या आईने चहा केला. तो आपल्या घरी चहा प्याला, हे मुद्दाम लिहितो. बोलता बोलता खुंटीकडे पाहून हसत म्हणाला, "मास्तर, हेच का ते बूट? दानीसारखा अनवानी पळनारा म्या पाहिला न्हाई. मध्यंतराला काढाया बसला हुता, तवर तुमी येऊन गाठ मारली." मग माझ्या तोंडाकडे पाहून तो गप्प झाला. त्याचा दोष नाही. त्याला वाटले मला ठाऊक असेल. मीच त्याला सारे विचारून घेतले. पोलिसांचा सामना, रेल्वेचा सामना, आमोस यांचा गुडघा, आणि कप विलायतेला गेला तेही.

तुझे डोळे का भरले होते ते आता कळले. मी ते इतके दिवस दुसऱ्याच कारणासाठी जपून ठेवले होते.

तुझ्या पायांचे माप मी मागून घेतले, पण पाय माझेच धरले. दानीएल, मला फार वाईट वाटते. तू मला सांगितले नाहीस याचा राग नाही. सांगता येईल असा बाप मी नव्हतो, याचे वाईट वाटते. माझे वडील माझ्यामागून चालत होते आणि गप्प होते. तू माझ्यापुढे बसला होतास आणि गप्प होतास. दोन्ही वेळा मीच मध्ये.

पंधरा ऑगस्टला चावडीवर झेंडा लागला, तेव्हा मी शाळेची मुले घेऊन गेलो होतो. त्या दिवशीही वेशीत चपला काढून हातात घेतल्या. कोणी सांगितले नव्हते. एका मुलाने विचारले, "गुरुजी, काटा मोडला का?" मी हो म्हणालो.

बन्सी गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुझे बूट खुंटीवरून काढले आणि घातले. मला ते आखूड होतात. नाड्या बांधल्या व वेशीतून आत गेलो. पाटलाच्या गल्लीत सडा टाकलेला होता, त्यावर तळाच्या चकत्यांचे ठसे उमटत होते. राधाकृष्ण पाटील ओट्यावर बैलाची वेसण वळत बसला होता. त्याने मान वर करून माझ्या पायांकडे पाहिले. मी थांबलो. आता काही म्हणेल असे वाटले. तो म्हणाला, "मास्तर, बूट चावत्यात व्हय? लंगडताय." आणि पुन्हा वेसण वळू लागला.

एवढेच. पाण्याचे अजून तसेच आहे, आपल्या बायका निराळ्या आडावर जातात. पण ती गल्ली केव्हा मोकळी झाली, हे मी कधी पाहिलेच नाही. पाहिले असते, तर एखाद्या सकाळी स्वतःच बूट घालून तिथून गेलो असतो आणि तेवढ्यावर भागले असते. तुझ्या पायांत ते बांधावे लागले नसते. तुम्हाला कप मिळाला असता. आमोस यांना माझा सलाम सांग.

घरी येऊन ओसरीवर बसलो. तुझी आई म्हणाली काढा आता ते, टाचा सोलल्या आहेत. पण गाठ सुटेना. शेवटी तिने विळीने नाडी कापली. मी इतकी घट्ट गाठ मारतो, हे मला माहीत नव्हते.

तुझा बाप,
कृपादान